सनद हातात आली, आता कपाटात काय ठेवायचं?

प्रश्न एका वकील भगिनीचा आहे. नुकतीच सनद मिळाली, तालुका कोर्टात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामं बघतात. सिनियर चांगले आहेत, पण सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या कामांची यादी) आणि संध्याकाळी पक्षकार यांतून शिकवायला त्यांना सवड नाही. प्रॅक्टिस, व्यावसायिक नीतिमत्ता आणि रिसर्च यांवरची कोणती दहा पुस्तकं घ्यावीत, पैसे एकदाच घालता येतील, असं त्या विचारतात.

दहाची यादी मी देणार नाही. अशा याद्या भरपूर मिळतात आणि त्यांतली निम्मी पुस्तकं काचेच्या कपाटात पक्षकारांना दिसावीत म्हणून उभी असतात. वकिलाचं वाचन फाईलवरून सुरू होतं. हातात मनाई हुकुमाचा अर्ज असताना दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 39 वाचली की डोक्यात बसते. दिवाळीच्या सुट्टीत पानं उलटली तर कोर्ट उघडेपर्यंत विरून जाते. म्हणून एकदाच पैसे घालायचा विचार आधी सोडा. आज चार गोष्टी घ्या, बाकीच्या फाईल मागेल तशा.

पहिली गोष्ट म्हणजे बेअर अ‍ॅक्ट (टीकेशिवाय नुसता कायद्याचा मजकूर), आणि तेही महाराष्ट्र दुरुस्त्यांसह. हे इतकं साधं वाटतं की कुणी सांगत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेला आपल्या राज्यात कलम 9अ होतं. मनाईच्या अर्जाच्या वेळी प्रतिवादीने अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेतला की तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवायचा, अशी ती तरतूद. 2018 मध्ये ती वगळली गेली. बाहेरच्या राज्यात छापलेलं विद्यार्थ्यांचं पुस्तक घेतलंत तर हे कलम कधी होतं याचा पत्ताही लागत नाही. सिनियरच्या कपाटातली जुनी प्रत घेतलीत तर ते अजून आहे असं वाटतं. दोन्हीकडून फसगत. तेव्हा बेअर अ‍ॅक्ट चालू वर्षाचा, राज्य दुरुस्त्या छापलेला, आणि समासात स्वतः लिहिता येईल एवढी जागा असलेला घ्या. शेजारी उच्च न्यायालयाचे दिवाणी मॅन्युअल आणि फौजदारी मॅन्युअल ठेवा. दाखल कागदाला निशाणी क्रमांक कसा पडतो, नकलेचा अर्ज कुठे जातो, रोजनाम्यात काय यायला हवं, ही माहिती कोणत्याही नामांकित टीकाग्रंथात सापडत नाही, आणि नव्या वकिलाची खालच्या कोर्टात पंचाईत होते ती याच ठिकाणी. कारकुनाला विचारता येतं, जरूर विचारा. पण मॅन्युअल वाचून विचारलंत तर तोही नीट उत्तर देतो.

आता कॉमेंटरी, म्हणजे कायद्यावरचे टीकाग्रंथ. दिवाणीसाठी मुल्ला, यात वाद नाही. पण त्याचे जाडजूड खंड आज विकत घेऊ नका, बार असोसिएशनच्या लायब्ररीत बसून वापरा. त्याच मुल्लांचं संहितेचा सारांश सांगणारं एक पातळ पुस्तक आहे, 'की टू इंडियन प्रॅक्टिस'. दावा दाखल झाल्यापासून दरखास्तीपर्यंतचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीपर्यंतचा, सगळा प्रवास त्यात सलग दिसतो. नव्या माणसाला खरी गरज या सलग चित्राची असते, कारण रोजच्या कामात आपल्याला दाव्याचा एकेक तुकडाच दिसतो. आज इथे मुद्दे काढले, उद्या तिथे सरतपासाचं शपथपत्र दिलं, परवा तिसरीकडे अर्जावर 'से', म्हणजे आपलं म्हणणं, दाखल केला. कॉलेजात वापरलेलं ताकवानींचं पुस्तक असेल तर तेही पुरेल, फेकू नका.

पैसे घालायचे तर मसुद्याच्या पुस्तकावर घाला, म्हणजे मोघांचं 'लॉ ऑफ प्लीडिंग्ज'. आपल्याकडे ते नमुने उतरवण्यासाठी वापरतात आणि तिथेच वाया घालवतात. नमुन्यांच्या आधीची तत्त्वांची प्रकरणं वाचा, आणि वाचताना संहितेची ऑर्डर 6, 7, 8 उघडी ठेवा. एक उदाहरण देते. दाव्यात लिहिलंय, 'वादीने प्रतिवादीस दिनांक 5 मार्च रोजी त्याच्या दुकानात रोख रु. 2,00,000 दिले.' कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, बहुतेक ज्युनियर लिहितात, 'वादीने प्रतिवादीस दिनांक 5 मार्च रोजी त्याच्या दुकानात रोख रु. 2,00,000 दिले, हा मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' ऐकायला ठणठणीत नकार. पण ऑर्डर 8 नियम 4 काढून बघा. अमुक रक्कम मिळाल्याचा आरोप असेल तर ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही, असं म्हणावं लागतं, नाहीतर किती मिळाली ते सांगावं लागतं. आणि आरोप तपशिलासह असेल तर तो तपशिलासकट नाकारून भागत नाही. वरच्या नकारात पैसे 6 मार्चला मिळाले, किंवा दुकानाऐवजी घरी मिळाले, किंवा पावणेदोन लाखच मिळाले, या सगळ्याला जागा उरते. याला पळवाटीचा नकार म्हणतात, आणि नियम 5 प्रमाणे जे नेमकेपणाने नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. बरोबर नकार असा: 'दिनांक 5 मार्च रोजी वा अन्य कोणत्याही दिवशी, दुकानात वा अन्यत्र, रु. 2,00,000 वा त्यांपैकी कोणतीही रक्कम प्रतिवादीस वादीकडून मिळालेली नाही.' मग खरी हकीकत वेगळ्या परिच्छेदात. हे नमुन्यांच्या पुस्तकातून उतरवता येत नाही. पक्षकाराला नीट विचारल्याशिवाय असा नकार लिहिताच येत नाही, हा त्याचा दुसरा फायदा.

कन्व्हेयन्सिंगसाठी, म्हणजे खरेदीखतासारखे दस्त लिहिण्यासाठी, डिसूझांचं पुस्तक सगळे सुचवतात. चांगलं आहे, पण दस्तांचं काम नियमित येऊ लागेपर्यंत थांबा. मुद्रांक आणि नोंदणीचे प्रश्न स्थानिक असतात, त्यांची उत्तरं त्यात शोधू नका.

पुराव्याच्या कायद्यावर वेपा सारथींचं छोटं पुस्तक आधी वाचा, सरकार आडनावाच्या लेखकांचा ग्रंथ नंतर, संदर्भासाठी. इथे एक पेच आहे. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. त्यामुळे जुन्या आवृत्त्या रद्दीत काढायच्या का? मुळीच नाही. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू आहे, आणि ते खटले अजून बरीच वर्षं चालतील. शिवाय साक्ष अधिनियमातला मोठा भाग जुन्याचाच क्रमांक बदलून आलेला आहे. निवृत्त होणारे वकील आपली लायब्ररी काढतात तेव्हा दंड संहितेवरच्या रतनलाल-धीरजलाल आणि पुराव्यावरच्या सरकार यांच्या जुन्या प्रती स्वस्तात मिळतात, त्या घ्या. फक्त नव्या-जुन्या कलमांचा तक्ता त्यांत ठेवा, आणि तक्त्यावर आंधळा विश्वास टाकू नका. तक्ता कलम कुठे गेलं ते सांगतो, वाटेत त्यातला कोणता शब्द बदलला ते सांगत नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचण्याला पर्याय नाही.

उलटतपासावर प्रत्येक जण वेलमनचं 1903 मधलं पुस्तक सांगतो. वाचा, मजा येते. पण ते अमेरिकेतल्या ज्यूरीपुढच्या उलटतपासाचं पुस्तक आहे. तिथे साक्षीदाराचा चेहरा पडला की काम झालं. आपल्याकडे साक्षीदाराचा चेहरा नोंदीवर येत नाही. न्यायाधीश सांगतात तो मजकूर टंकलेखक टाइप करतो आणि अपिलात तेवढाच वाचला जातो. म्हणून आपल्या फौजदारी उलटतपासाचं खरं पुस्तक म्हणजे एक निकाल आहे: 1959 चा तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. पोलिसांपुढच्या जबाबाचा वापर विसंगती दाखवण्यासाठी कसा आणि कुठपर्यंत करायचा, याची मुळं तिथे आहेत. तो निकाल, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181 त्याच्या स्पष्टीकरणासह, आणि साक्ष अधिनियमाचं कलम 148, हे तीन एका बैठकीत वाचा. मग एखादं निकाली प्रकरण काढून तपासा: साक्षीदाराला जबाबातला नेमका भाग दाखवला का, त्या भागाला 'अ' अशी खूण केली का, आणि पुढे तपासी अंमलदाराकडून तो भाग शाबीत करून घेतला का? तिसरी पायरी राहून गेलेली प्रकरणं तुम्हाला पुष्कळ सापडतील. साक्षीदार 'मी असं सांगितलं नव्हतं' म्हणतो, बचावाचे वकील खूश होऊन खाली बसतात, तपासी अंमलदार येतो तेव्हा त्याला कुणी त्याबद्दल विचारतच नाही, आणि अख्खी विसंगती हवेत राहते.

नीतिमत्तेवर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण हा विषय सगळे परीक्षेपुरता वाचतात. पुस्तक हवं असेल तर कृष्णस्वामी अय्यरांचं 'प्रोफेशनल कंडक्ट अँड अ‍ॅडव्होकसी' घ्या. मद्रासमध्ये शिकाऊ वकिलांपुढे दिलेली ती व्याख्यानं आहेत, भाषा जुनी पण माणूस अनुभवी. त्याआधी मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांचा भाग 6, प्रकरण 2 वाचा. थोडीच पानं आहेत, एका संध्याकाळी होतात. कोर्टाप्रती, पक्षकाराप्रती, विरुद्ध पक्षाप्रती आणि सहकाऱ्यांप्रती कर्तव्यं अशी त्यांची मांडणी आहे.

हे नियम तालुक्याच्या ठिकाणी वाचायचे ते आपल्या माणसांची नावं मनात घालून. समजा दोन भाऊ आणि एक बहीण वाटपाचा सल्ला घ्यायला एकत्र आले. तुम्ही सातबारा बघितला, वारस नोंदी बघितल्या, दावा कसा घालायचा ते सांगितलं. पुढे तिघांचं बिनसलं आणि बहिणीविरुद्ध वकीलपत्र घ्या म्हणून थोरला भाऊ तुमच्याकडे आला. फी तर बहिणीकडून घेतलीच नव्हती, मग हरकत काय, असं वाटतं. नियम 33 फीबद्दल काही विचारत नाही. दावा घालण्याबाबत एखाद्या पक्षाला सल्ला दिला असेल, तर विरुद्ध पक्षासाठी उभं राहता येत नाही. गावात सगळेच ओळखीचे असतात, त्यामुळे हा नियम तुम्हाला शहरातल्या वकिलापेक्षा जास्त वेळा आडवा येईल. पहिल्या भेटीची तारीख आणि कोण कोण आलं होतं हे डायरीत लिहायची सवय आजच लावून घ्या.

तसाच नियम 34: विरुद्ध पक्षाला वकील असेल तर वादाच्या विषयावर त्या पक्षाशी परस्पर बोलायचं नाही. तडजोडीच्या चांगल्या हेतूनेसुद्धा नाही. नियम 20 प्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही. मोटार अपघाताच्या आणि भूसंपादनाच्या कामांत टक्क्यांची भाषा सर्रास चालते, म्हणून ती नियमात बसते असं समजू नका. आणि नियम 36, म्हणजे काम मागत फिरायचं नाही. यावरचा आपल्याच राज्यातला निकाल जरूर वाचा, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोलकर, 1975 चा. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात पक्षकार ओढण्यासाठी वकिलांची झोंबाझोंबी चालायची, त्यावरून ते प्रकरण उभं राहिलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांची इंग्रजी दमवणारी आहे, पण वकिली हा धंदा नव्हे म्हणजे काय ते त्यात उमगतं. हल्ली दारात उभं राहावं लागत नाही, रीलमध्ये 'जामीन हमखास' असं लिहिलं की झालं. वेबसाइटवर नाव, पत्ता, पात्रता, कामाचं क्षेत्र एवढ्या ठरावीक माहितीला नियमात 2008 पासून मुभा आहे, त्यापलीकडे नाही.

आणखी दोन निकाल नीतिमत्तेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवतात. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, 2000: फी थकली म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, फीसाठी वेगळा मार्ग धरा. आणि पी. डी. गुप्ता विरुद्ध राममूर्ती, 1997: ज्या मालमत्तेचा वाद चालू, तीच वकिलाने आपल्या पक्षकाराकडून विकत घेतली, आणि सनद एक वर्ष निलंबित झाली. पहिल्या निकालाशी तुमची गाठ लवकरच पडेल. वकील बदललेला पक्षकार फाईल घ्यायला येतो तेव्हा ऑफिसात काय बोललं जातं ते ऐकाच.

आता रिसर्च. यावरची परदेशी पुस्तकं आपल्याला फारशी उपयोगी नाहीत. तिथली कोर्टांची उतरंड वेगळी, डेटाबेस वेगळे. ग्लॅनव्हिल विल्यम्स यांचं 'लर्निंग द लॉ' निकाल कसा वाचावा, रेशो (निकालाचा बंधनकारक आधार) आणि ऑबिटर (ओघात केलेलं भाष्य) यांत फरक काय, एवढ्यासाठी वाचावं. कायद्याच्या अर्थबोधासाठी जी. पी. सिंग यांचा ग्रंथ, तोही लायब्ररीत. बाकी रिसर्च हाताने करूनच येतो. विद्युत अभिलेखाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीचा, पुरावा घ्या, आज प्रत्येक दुसऱ्या फाईलमध्ये कॉल रेकॉर्डिंग किंवा सीसीटीव्ही असतंच.

समजा शोधताना तुम्हाला 2018 चा शाफी मोहम्मद निकाल सापडला: उपकरण आपल्या ताब्यात नसेल तर अशा पुराव्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब च्या प्रमाणपत्राची सक्ती नाही. तुमच्या बाजूचा, सर्वोच्च न्यायालयाचा, अलीकडचा. ज्युनियर इथे थांबतात, प्रिंट काढतात. तुम्ही मागे जा. 2005 मध्ये नवज्योत संधू प्रकरणात प्रमाणपत्राशिवायही दुय्यम पुरावा चालेल असं म्हटलं होतं. 2014 मध्ये अनवर विरुद्ध बशीर या तीन न्यायमूर्तींच्या निकालाने ते मत रद्द ठरवलं. शाफी मोहम्मद दोन न्यायमूर्तींचा, म्हणजे तीनांच्या निकालापुढे त्याची ताकद किती, ही शंका तिथेच यायला हवी. मग पुढे या. जुलै 2020, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा वाद, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण हा पुरावा. तीन न्यायमूर्तींनी अनवर बरोबर ठरवला आणि शाफी मोहम्मद रद्द केला. मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, आणि ज्याच्याकडे उपकरण आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं, हेही त्यात आहे. आता तुमच्या हातात अर्जाचा रस्ता आला. यानंतरही एक पायरी उरते. नव्या साक्ष अधिनियमात हे कलम 63 झालं आणि प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत आला. त्याचे दोन भाग आहेत, एक पक्षाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाईलची डिजिटल ओळखखूण) लिहावी लागते. जुना नमुना टाइप करून दिलात तर समोरचा वकील हरकत घेणारच.

एवढं सगळं एका दुपारचं काम आहे, आणि त्याला फुकट साधनं पुरतात. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच पोर्टलवर 2023 पासून मोफत आहेत. उच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर न्यूट्रल सायटेशनसह, म्हणजे कोर्टाने स्वतः दिलेल्या संदर्भ क्रमांकासह, मिळतात. त्यातलं 'एएस' म्हणजे अपील शाखा, 'ओएस' म्हणजे मूळ शाखा, खंडपीठांची खूण वेगळी. पैशाचा डेटाबेस घ्यायचा तर दोघा-तिघांत मिळून घ्या. छापील रिपोर्टरांत तुमच्या कोर्टात जो चालतो तो बघा, महाराष्ट्र लॉ जर्नल बहुतेक ठिकाणी असतंच. हेडनोट, म्हणजे रिपोर्टरात निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचून निकाल कोर्टापुढे देऊ नका. हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नाही. ज्या परिच्छेदावर भिस्त आहे तो क्रमांकासह उघडून, त्याच्या मागचे-पुढचे परिच्छेद वाचून मगच पुढे करा.

एआयला विचारून सायटेशन काढणाऱ्यांसाठी: 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माटा विरुद्ध अ‍ॅव्हियांका प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल दाखल केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. 5,000 डॉलर दंड झाला. कल्पना सुचवायला, भाषांतराचा कच्चा मसुदा करायला यंत्र वापरा. पण निकालाची मूळ प्रत स्वतः उघडून बघितल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही.

मराठीसाठी वेगळं सांगते. 1998 पासून आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, तरी मसुदे अजून अर्धे इंग्रजी वळणाचेच असतात. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश टेबलावर ठेवा. त्याहून उपयोगी म्हणजे जुन्या वकिलांच्या मराठी कैफियती. रेकॉर्ड रूममधल्या निकाली दाव्यांच्या नकला काढून वाचल्यात तर हात चांगला बसेल.

आत्मचरित्रं झोपण्यापूर्वी वाचायची. छागलांचं 'रोझेस इन डिसेंबर' घ्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती झालेला हा माणूस सुरुवातीची वर्षं ब्रीफशिवाय कसा बसून होता, जिनांच्या चेंबरमध्ये काय शिकला, हे वाचून सध्याची तुमची बेचैनी जरा हलकी होईल. पॅरींचं 'सेव्हन लॅम्प्स ऑफ अ‍ॅडव्होकसी' छोटं आणि गोड आहे, पण ते भाषणांत उद्धृत करण्यासाठीच जास्त वाचलं जातं.

तर या महिन्यात घ्यायचं ते एवढंच: राज्य दुरुस्त्यांसह बेअर अ‍ॅक्ट, दोन्ही मॅन्युअलं, मोघा, आणि वेपा सारथी. बार कौन्सिलचे नियम तर छापून घेतले तरी चालतात. उरलेले पैसे बार लायब्ररीच्या वर्गणीला आणि नकलांच्या फीला ठेवा. सध्या तुमच्याकडे मनाईचे अर्ज जास्त आहेत की जामिनाचे, ते कळवलंत तर त्यापुढचं पुस्तक कोणतं ते सांगता येईल.